संचार साथी ॲप आणि त्यातलं 'चक्षू': बँकेच्या नावाने येणाऱ्या फोन-मेसेजसाठी कितपत कामाचं?

थेट सांगते, संचार साथी ॲप फोनमध्ये असावं असं माझं मत आहे, आणि ज्यांच्या घरात पेन्शनवर असलेलं कोणी आहे त्यांनी तर टाळाटाळ करू नये. पण ते काय करतं आणि काय करत नाही हे आधी नीट समजून घ्या, कारण आमच्या सोसायटीत बऱ्याच जणांचा समज झालेला की हे ॲप टाकलं की फ्रॉड कॉल यायचे बंद होतात, तसं काही होत नाही, हे कॉल अडवत नाही, समोरचा कोण आहे तेही सांगत नाही. हे तक्रार नोंदवायचं ॲप आहे. बँकेच्या नावाने खोटा फोन आला, मेसेज आला, व्हॉट्सॲपवर काही आलं, तर ते सरकारच्या दूरसंचार विभागापर्यंत पोचवायची ही जागा, आणि त्या भागाचं नाव चक्षू. बाकीही दोन-तीन चांगल्या सोयी आहेत त्याबद्दल पुढे लिहिते, पण मुख्य रिव्ह्यू चक्षूचा.

थोडी माहिती, म्हणजे नवीन माणसाला कळेल. संचार साथीची वेबसाइट मे २०२३ मध्ये आली, त्यात चक्षू मार्च २०२४ मध्ये जोडलं गेलं, आणि मोबाइल ॲप जानेवारी २०२५ मध्ये आलं. मग २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस सरकारने फोन बनवणाऱ्या कंपन्यांना सांगितलं की प्रत्येक नव्या फोनमध्ये हे ॲप आधीपासूनच टाकून द्या, त्यावरून प्रायव्हसीचा मोठा गदारोळ झाला आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात तो आदेश मागे घेतला गेला. मला ते मागे घेतलं ते योग्यच वाटलं, फोनमध्ये काय ठेवायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. पण त्या सगळ्या वादात ॲपचा उपयोग काय हे कोणी सांगतच बसलं नाही, लोकांच्या डोक्यात फक्त 'सरकार फोन बघणार' एवढंच राहिलं आणि ज्यांना खरी गरज आहे त्या म्हाताऱ्या माणसांनी भीतीपोटी टाकलंच नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

टाकताना पहिली गोष्ट, फक्त प्ले स्टोअर किंवा ॲपल स्टोअरवरूनच घ्या. कोणी व्हॉट्सॲपवर 'सरकारी सुरक्षा ॲप' म्हणून फाइल पाठवली तर हात लावू नका, या ॲपच्या नावानेही कोणी उद्या खोटी फाइल फिरवू शकतो. अँड्रॉइडवर ॲप उघडलं की ते परवानग्या मागतं, कॉल लॉग, मेसेज, कॅमेरा वगैरे, आणि नोंदणीसाठी तुमच्याच फोनमधून १४४२२ या नंबरवर एक मेसेज जातो. इथे माणूस बिचकतो आणि बिचकणं बरोबरच आहे. आमच्या शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "अगं, तूच सांगतेस मेसेज बघायची परवानगी कोणाला देऊ नको आणि हे तर तेच मागतंय." त्यांचं बरोबर होतं. ही परवानगी कशासाठी तर आलेला कॉल किंवा मेसेज यादीतून थेट निवडून तक्रार करता यावी यासाठी. ज्यांना नको वाटतं त्यांनी ॲप न टाकता संचार साथीच्या वेबसाइटवरून तीच तक्रार करावी, तिथे सगळं हाताने भरावं लागतं एवढाच फरक. काकूंनी वेबसाइटचाच मार्ग घेतला आणि त्यांचं काही अडलं नाही.

वेबसाइटवर शेवटी तुमच्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि तो टाकल्यावर तक्रार जाते. यावरही प्रश्न आला, "ओटीपी द्यायचा नसतो ना?" ओटीपी कोणाला सांगायचा नसतो. तुम्ही स्वतः साइट उघडली, स्वतः बटण दाबलं, म्हणून ओटीपी आला, तो तुम्ही स्वतःच्या हाताने तिथे टाकला, हे ठीक. पण फोनवर दुसऱ्या बाजूला कोणी माणूस आहे आणि तो म्हणतोय आलेला नंबर वाचून दाखवा, तर तो बँकेचा असो, पोलिसांचा असो नाहीतर थेट मंत्रालयातला असो, नाही सांगायचा. एवढा फरक समजला की अर्धी लढाई तिथेच संपते, आणि मी बघितलंय की वयस्कर लोकांना हा फरक 'ओटीपी शेअर करू नका' या जाहिरातीतून कळत नाही, असं समोर बसून दाखवलं की लगेच कळतो.

आता खरा वापर. सगळ्यात जास्त येतो तो मेसेज म्हणजे 'प्रिय ग्राहक, तुमचं खातं आज बंद होणार आहे, पॅन अपडेट करा' आणि खाली लिंक. एसबीआयच्या योनो ॲपच्या नावाने हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय, पीआयबी म्हणजे सरकारच्या माहिती कार्यालयाच्या फॅक्ट चेकवाल्यांनीही तो खोटा असल्याचं पुन्हा पुन्हा सांगितलंय, तरी येतच राहतो. काकूंच्या फोनवर आलेला मी नीट बघितला. इंग्रजीत होता, 'डिअर' चं स्पेलिंग चुकलेलं, बँकेचं नाव अर्धं कॅपिटल अर्धं साधं, 'आज रात्री' हे शब्द मात्र ठळक, आणि पाठवणारा साधा दहा आकडी मोबाइल नंबर. ते शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. बँक कधीच साध्या दहा आकडी नंबरवरून खात्याचा मेसेज पाठवत नाही. बँकेचा मेसेज येतो तो हेडरवरून, म्हणजे आधी दोन अक्षरं, मग डॅश, मग बँकेच्या नावाची काही अक्षरं, आणि २०२५ पासून त्याच्या शेवटी आणखी एक डॅश देऊन एक अक्षर असतं. टी म्हणजे व्यवहाराचा, एस म्हणजे सेवेचा, पी म्हणजे जाहिरातीचा, जी म्हणजे सरकारी. हे ट्रायने म्हणजे दूरसंचार नियामकाने केलंय आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांतल्या सगळ्यात उपयोगी बदलांपैकी एक आहे पण कोणाला माहीतच नाही! आत्ता तुमचा मेसेज बॉक्स उघडून बघा, बँकेच्या खऱ्या मेसेजच्या नावाशेवटी हे अक्षर दिसेल.

लिंकचंही आता सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली वेबसाइट 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर न्यायला सांगितलं होतं, आणि हा पत्ता फक्त बँकांनाच मिळतो, कोणीही उठून घेऊ शकत नाही. म्हणजे पत्त्यात बँकेचं नाव कुठेतरी असून चालत नाही, पत्ता संपताना डॉट बँक डॉट इन असलं पाहिजे, त्यानंतर लगेच तिरकी रेघ किंवा काहीच नाही. ठग लोक बँकेचं नाव सुरुवातीला घालतात आणि शेवटी भलतंच काही लावतात, छोट्या स्क्रीनवर माणूस सुरुवातच वाचतो. तरी मी घरच्यांना सांगितलंय की पत्ता तपासत बसू नका, मेसेजमधल्या लिंकवरून बँकेत जायचंच नाही, बँकेचं काम असेल तर फोनमधलं बँकेचं ॲप उघडा, खरंच केवायसी बाकी असेल तर तिथे दिसेल नाहीतर शाखेत कळेल.

कॉलचं काय, तर तिथेही नंबर बघायची सवय लावा. १६०० ने सुरू होणारी मालिका बँका आणि अशा वित्तीय संस्थांच्या सेवेच्या कॉलसाठी ठेवलीय, ट्रायने व्यापारी बँकांना १ जानेवारी २०२६ पर्यंत त्यावर यायला सांगितलेलं, आणि १४० ने सुरू होणारे म्हणजे जाहिरातीचे. पण यावर पूर्ण विसंबू नका असं मी म्हणेन, कारण शाखेतला एखादा ओळखीचा कर्मचारी आपल्या मोबाइलवरूनही फोन करतो, तो खोटा नसतो, आणि मग लोक म्हणतात की नंबर १६०० चा नव्हता तरी खरा निघाला, मग नियमावरचा विश्वासच उडतो. त्यापेक्षा फोन कट करा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर आपण फोन करा. गूगलवर 'अमुक बँक कस्टमर केअर' शोधून मिळालेल्या नंबरवर मात्र नको, तिथेही ठगांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात.

मला सगळ्यात जास्त राग ज्या कॉलचा येतो तो जीवन प्रमाणपत्राचा. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि ठगांना हे पक्कं ठाऊक असतं. आमच्या मजल्यावरच्या आजोबांना असा फोन आला तेव्हा मी तिथेच होते, त्यांनी ऐकू कमी येतं म्हणून स्पीकरवर टाकलेला. समोरचा अगदी सौजन्याने बोलत होता, "सर, पेन्शन विभागातून बोलतोय" म्हणाला, आजोबांचं पूर्ण नाव, कोणत्या खात्यातून रिटायर झाले ते, पीपीओ नंबर म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर, सगळं त्याने आधी वाचून दाखवलं. ही त्यांची खरी चाल आहे, आपल्याला काही विचारायच्या आधी आपलीच माहिती आपल्याला सांगायची म्हणजे माणसाला वाटतं हा आतलाच आहे. मग म्हणाला, "सर, तुमचं जीवन प्रमाणपत्र अपडेट झालेलं नाही, आज केलं नाही तर पुढच्या महिन्यापासून पेन्शन थांबेल, तुमच्या मोबाइलवर एक नंबर येईल तेवढा सांगा." आजोबा म्हणाले, "मी उद्या शाखेत येतो की." त्यावर तो लगेच, "शाखेत आता बंद झालंय सर, ऑनलाइनच होतं." तिथे आजोबांना खटकलं कारण ते मागच्या वर्षी पोस्टमनकडून घरी बसून करून घेतलेलं, सत्तर रुपये दिलेले, पावती कपाटात होती. त्यांनी काही वाद घातला नाही, "बरं" म्हणाले आणि फोन ठेवून दिला. मला ते फार आवडलं. कारण कित्येक जण त्या माणसाला शिव्या देत बसतात, तुझा नंबर पोलिसांना देतो वगैरे, काही उपयोग नसतो, उलट बोलता बोलता तुमचीच आणखी माहिती बाहेर पडते.

आणि सांगून ठेवते, सरकार किंवा बँक पेन्शनवाल्याला फोन करून जीवन प्रमाणपत्र 'अपडेट' करत नाही. ते शाखेत होतं, पोस्टमन घरी येऊन करतो, किंवा स्वतःच्या फोनवर चेहरा दाखवून होतं. ओटीपी आला तरी तो तुम्हीच तुमच्या समोरच्या स्क्रीनवर टाकायचा असतो.

फोन ठेवल्यावर आम्ही तिथेच बसून चक्षूवर तक्रार केली. आधी माध्यम निवडायचं, कॉल, एसएमएस की व्हॉट्सॲप. मग प्रकार निवडायचा, यात बँक, वीज, गॅस, विमा यांच्या केवायसीच्या नावाने आलेलं, सरकारी अधिकारी किंवा नातेवाईक असल्याचं भासवणं, खोटं कस्टमर केअर, नोकरी-लॉटरी-कर्जाचं आमिष, असे पर्याय आहेत. आजोबांचा कॉल सरकारी अधिकाऱ्याच्या प्रकारात जातो की केवायसीच्या, यावर आमची थोडी चर्चा झाली, शेवटी अधिकाऱ्याचाच निवडला. मग कोणत्या नंबरवरून आला, तारीख, वेळ, स्क्रीनशॉट, आणि काय बोलणं झालं ते थोडक्यात. चहा होईपर्यंत काम झालं. आजोबांनी मजकूर स्वतः सांगितला, मी टाइप केलं, आणि त्यात त्यांनी आवर्जून लिहायला लावलं की 'समोरच्याकडे माझा पीपीओ नंबर होता'. हे महत्त्वाचं आहे, तुमची कोणती माहिती त्यांच्याकडे आधीच होती हे लिहा.

चक्षूचा मला वाटलेला खरा फायदा इथे आहे. आधी असा फोन आला की माणसाकडे करण्यासारखं काहीच नसायचं, घाबरायचं, शेजाऱ्याला सांगायचं, ब्लॉक करायचं आणि दुसऱ्या नंबरवरून परत तोच फोन. आता निदान काहीतरी करता येतं. पैसे गेलेले नसताना पोलिस स्टेशनला जाऊन कोणी 'मला फोन आला होता' असं सांगत बसत नाही, आणि ठगांचं फावतं ते यामुळेच, एका माणसाने फोन ठेवला तर ते त्याच सिमवरून पुढच्याला लावतात. चक्षूवर एकाच नंबरबद्दल तक्रारी आल्या की त्या सिमची फेरतपासणी लावली जाते आणि सिम ज्याच्या नावावर आहे ती व्यक्ती खरी निघाली नाही तर कनेक्शन बंद होतं, हँडसेटही ब्लॉक करता येतो. म्हणजे तुमची तक्रार तुमच्यासाठी कमी आणि पुढच्या माणसासाठी जास्त आहे. हे डोक्यात ठेवून वापरलं तर निराशा होत नाही.

न आवडलेल्या गोष्टी. एक, तक्रार ३० दिवसांच्या आतल्या कॉल-मेसेजचीच करता येते, म्हणजे आजीने दिवाळीला आलेला मेसेज तुम्हाला संक्रांतीला दाखवला तर तो इथे चालणार नाही. दोन, प्रकारांची नावं अगदी सरकारी आहेत, साध्या माणसाला आपला प्रसंग कशात बसतो ते पटकन कळत नाही, भाषा मराठी निवडता येते हे चांगलं पण ती मराठीसुद्धा थोडी सोपी करा. तीन, आणि हे सगळ्यात मोठं, चक्षू ही पोलिस तक्रार नाही. ज्याचे पैसे गेलेत त्याने इथे फॉर्म भरत बसायचंच नाही! ही सूचना तिथे लिहिलेली आहे, पण घाबरलेला माणूस सूचना वाचत नाही, तो समोर दिसेल ते बटण दाबतो. पहिल्या स्क्रीनवर भलं मोठं 'तुमचे पैसे गेलेत का?' असं विचारावं आणि हो म्हटलं की थेट १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लागावा, एवढी एक सुधारणा झाली तर मी पाच स्टार देईन. सध्या चार.

१९३० बद्दल वेगळं लिहिते कारण चक्षूचा रिव्ह्यू त्याशिवाय अर्धा राहील. हा गृह मंत्रालयाच्या सायबर विभागाचा राष्ट्रीय नंबर, २०२१ मध्ये सुरू झाला तेव्हा १५५२६० होता, नंतर लक्षात राहावा म्हणून १९३० केला. अजूनही काही जुन्या पोस्टरवर तो जुना नंबर दिसतो, तो विसरा. याचं काम कसं चालतं हे कळलं तर घाई का करायची ते कळेल. तुमच्या खात्यातून पैसे गेले की ते ठगाच्या एका खात्यात थांबत नाहीत, तिथून दुसऱ्या, तिसऱ्या, भाड्याने घेतलेल्या कोणाच्या तरी खात्यात जातात आणि मग एटीएममधून काढले जातात. तुम्ही १९३० ला कळवलं की तक्रार त्या सिस्टिममध्ये पडते, तुमच्या बँकेला दिसते, बँक बघते पैसे कुठे गेले, पुढच्या बँकेला कळतं, आणि जिथे पैसे अजून खात्यात पडलेले असतील तिथे ते होल्ड होतात. काढून घेतले गेले तर होल्ड करायला काही उरत नाही. म्हणून पहिला तास-दोन तास महत्त्वाचे. घरच्यांना सांगायचं की नाही, नवरा काय म्हणेल, मुलगा ओरडेल, या विचारात जो वेळ जातो ना, तोच वेळ ठगाला हवा असतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच सांगून ठेवा की असं काही झालं तर कोणी ओरडणार नाही, पहिल्यांदा आम्हाला सांगा. आणि तसं झालंच तर खरंच ओरडू नका.

फोन लावताना जवळ काय ठेवायचं तर खातं नंबर किंवा कार्ड कोणत्या बँकेचं ते, किती रक्कम, किती वाजता, व्यवहाराचा नंबर म्हणजे यूटीआर, यूपीआय असेल तर ॲपमध्ये त्या व्यवहारावर टॅप केलं की बारा आकडी नंबर दिसतो तो, आणि समोरच्याचा फोन नंबर. तक्रारीचा नंबर मेसेजने येतो, मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या साइटवर जाऊन बाकीची तक्रार पूर्ण करायची असते, हा दुसरा टप्पा बरेच जण करतच नाहीत, फोन केला म्हणजे झालं असं वाटतं. लाइन बिझी लागली तर वाट बघत बसू नका, त्याच साइटवर थेट तक्रार टाका आणि एकीकडे फोन लावत राहा. होल्ड झालेले पैसेही लगेच खात्यात परत येत नाहीत, काही वेळा त्यासाठी कोर्टाचा आदेशही लागतो, तिथे धीर लागतो आणि कागद सांभाळून ठेवावे लागतात.

त्याचबरोबर स्वतःच्या बँकेला कळवायचं, १९३० ला सांगितलं म्हणून बँकेला सांगायचं सोडायचं नाही. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात हे स्पष्ट आहे, तुमची चूक नसेल, बँकेचीही नसेल, तिसऱ्याच कुठल्या तरी कारणाने पैसे गेले असतील आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर काही बोजा येत नाही, चार ते सात कामाच्या दिवसांत कळवलंत तर ठराविक मर्यादेपर्यंतच येतो. ओटीपी स्वतःच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. हे शेवटचं वाक्य लोकांना माहीत नसतं, 'आता गेले ते गेले, माझीच चूक' म्हणून गप्प बसतात आणि तोवर खात्यातून दुसरा व्यवहार होतो. कळवलेली वेळ आणि तक्रार नंबर लिहून ठेवा, जमलं तर मेलही करा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याचा माहितीचा नंबर १४४४८.

इथे बँकांबद्दल एक तक्रार आहे ती करतेच, नाव घेत नाही. ओळखीच्या एका किराणा दुकानदाराचं खातं जिथे आहे तिथल्या हेल्पलाइनला फोन लावला की आधी भाषा, मग कर्जाची जाहिरात, मग बॅलन्ससाठी एक दाबा, मग कार्डासाठी दोन दाबा, आणि 'फसवणूक झाली असेल तर' हा पर्याय कितीतरी नंतर. ज्याचे पैसे आत्ता या क्षणाला जातायत त्याला हे ऐकायला लावणं बरोबर नाही. फसवणुकीचा पर्याय पहिला असला पाहिजे, भाषेच्याही आधी. तुमच्या बँकेचं हे कसं आहे ते शांतपणे एकदा फोन लावून बघून ठेवा, आणि बँकेच्या ॲपमध्ये कार्ड बंद करायचं, यूपीआय बंद करायचं बटण कुठे आहे तेही.

संचार साथीमधल्या बाकीच्या सोयी पटकन. तुमच्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत ते दिसतं, एका माणसाच्या नावावर साधारण नऊपर्यंत असू शकतात, यादीत अनोळखी नंबर दिसला तर 'हा माझा नाही' म्हणून तिथेच कळवता येतं. हे प्रत्येकाने बघाच, कारण ठगांचे फोन ज्या सिमवरून येतात ती सिम कोणाच्या तरी नावावर असतातच, तो कोणीतरी आपण नसावं. दुसरं, हरवलेला किंवा चोरीला गेलेला फोन ब्लॉक करता येतो, पोलिस तक्रार लागते. तिसरं, परदेशातून आलेला कॉल भारतातला नंबर दाखवत असेल तर तेही कळवता येतं.

कुठे हे ॲप अजिबात मदत करत नाही तर एपीके फाइलच्या बाबतीत, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून थेट फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल. 'रिवॉर्ड पॉइंट आज संपतील', 'तुमच्या गाडीचं चलान', 'लग्नाचं आमंत्रण', 'पीएम किसान' अशा नावाने व्हॉट्सॲपवर फाइल येते, ती टाकली की फोनमधले मेसेज तिकडे पोचतात, मग तुम्हाला कोणी ओटीपी विचारतच नाही, विचारायची गरजच उरत नाही. अशी फाइल चुकून टाकली गेली असेल तर लगेच फोनचं नेट बंद करा, एअरप्लेन मोडवर टाका, आणि दुसऱ्या कोणाच्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला कळवा, त्याच फोनवरून नको. मग ती फाइल काढा, जमत नसेल तर फोन रीसेट करून घ्या. तसंच कोणी फोनवर सांगून स्क्रीन दिसणारं ॲप टाकायला लावलं तर तेही नाही, एनीडेस्कसारख्या ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच सावध केलं होतं. ॲपमध्ये स्वतःमध्ये काही वाईट नाही, ऑफिसमध्ये आम्ही पण वापरतो, पण अनोळखी माणसाला बँकेच्या व्यवहाराच्या वेळी आपली स्क्रीन दाखवायची नाही.

आणि 'चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, परत करा' हा फोन आला तर मेसेजवर जाऊ नका, बँकेच्या ॲपमध्ये बॅलन्स बघा, पैसे आलेलेच नसतात. खरंच आले असतील तर बँकेला सांगा, बँक परत करेल, आपण परस्पर पाठवायचे नाहीत. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही हे भाजीवाल्यापासून सगळ्यांना माहीत व्हायला हवं.

कोणासाठी घ्यावं, तर माझ्या मते ज्या घरात एक तरी माणूस फोनशी बऱ्यापैकी सरावलेला आहे त्याने स्वतःच्या फोनमध्ये टाकावं आणि घरातल्या, शेजारच्या सगळ्यांचे खोटे मेसेज त्यावरून कळवावेत, प्रत्येक आजी-आजोबांच्या फोनमध्ये टाकायलाच हवं असं नाही. त्यांच्या फोनमध्ये फक्त १९३० हा नंबर 'पैसे गेले तर' या नावाने मराठीत सेव्ह करा, आणि बँकेच्या कार्डामागचा नंबर 'बँक खरा नंबर' असा. आयफोनवाल्यांसाठी एक, तिथे ॲप कॉल आणि मेसेजची यादी वाचत नाही, त्यामुळे नंबर, वेळ, मजकूर हाताने भरावा लागतो आणि स्क्रीनशॉट जोडावा लागतो, तेव्हा मेसेज डिलीट करायच्या आधी तक्रार करा.